सी प्रोग्रॅमच्या सेटिंग्ज कुठे ठेवायच्या, कशा वाचायच्या

सी भाषेत सेटिंग्ज साठवण्याची तयार सोय नाही. स्टँडर्ड लायब्ररी फाइल उघडून देते, ओळ वाचून देते, अक्षरांत लिहिलेल्या आकड्याची संख्या करून देते. बाकीचं आपलं आपण. त्यामुळे नव्या माणसाच्या प्रोग्रॅममध्ये पोर्टचा आकडा एका फाइलमध्ये, टाइमआउट दुसऱ्या फाइलमध्ये आणि लॉगचा पाथ तिसरीकडेच, फाइल उघडणाऱ्या कुठल्या तरी एफओपनच्या कंसात लिहिलेला सापडतो. पोर्ट बदलायचा म्हटला की सगळ्या कोडमध्ये ८०८० शोधत फिरायचं, आणि सापडलेल्यांपैकी एखादा ८०८० पोर्टचा नसतोच.

उदाहरणासाठी एक छोटा सर्व्हर घेऊ. त्याला चार सेटिंग्ज आहेत: पोर्ट, टाइमआउट, लॉगफाइल आणि डीबग. सी९९ किंवा त्यापुढचा कंपायलर आणि लिनक्ससारखी यंत्रणा गृहीत धरली आहे. विंडोजवर काही वेगळं घडत असेल तिथे तसं सांगितलं आहे. फंक्शनची आणि फ्लॅगची नावं लेखात उच्चाराप्रमाणे देवनागरीत आहेत, कोडमध्ये ती नेहमीच्या रोमन स्पेलिंगनंच टाइप करायची.

## आधी वर्गवारी करा

सगळ्या सेटिंग्ज कागदावर लिहून काढा आणि प्रत्येकीपुढे लिहा: ही कोण बदलणार, आणि कधी?

वाचण्याचा बफर किती बाइटचा, एखादं फीचर बिल्डमध्ये घ्यायचं की नाही, हे प्रोग्रॅमरच्या हातातलं. ते कोडमध्येच राहू द्या. पोर्ट, पाथ, टाइमआउट हे प्रोग्रॅम चालवणाऱ्याच्या हातातलं. ते बदलायला त्याला कंपायलर लागता कामा नये. तिसरा गट म्हणजे विंडोचा आकार, शेवटची उघडलेली फाइल असल्या गोष्टी. त्या प्रोग्रॅम स्वतः लिहितो. ही खरं तर सेटिंग नव्हे, प्रोग्रॅमची स्थिती. तिला वेगळी फाइल द्या. कारण साठवण्याच्या भागात येईल.

कुठल्या गटात घालावं कळत नसेल तर मूल्य कोडमध्येच ठेवा. नंतर बाहेर काढणं सोपं असतं. एकदा लोकांच्या फाइलमध्ये गेलेली सेटिंग परत घेणं मात्र महाकठीण.

## #डिफाइन कुठवर पुरतं

पहिल्या गटासाठी एक वेगळी हेडर फाइल करा आणि त्यात #डिफाइन लिहा. प्रत्येकाभोवती #इफएनडेफ आणि #एन्डइफ घातलं की बिल्ड करताना कंपायलरला -डी हा फ्लॅग देऊन मूल्य बाहेरूनही बदलता येतं, हेडरला हात न लावता.

इथे दोन गोष्टी हमखास चुकतात. पहिली: #इफ पुढे लिहिलेलं नाव कुठेच डिफाइन केलेलं नसेल तर प्रीप्रोसेसर (कंपाइल होण्याआधी # च्या ओळी सोडवणारा भाग) ते गुपचूप शून्य धरतो. म्हणजे नावात एक अक्षर चुकलं की फीचर बंद होतं, आणि एरर नाही की वॉर्निंग नाही. जीसीसी आणि क्लँग या दोन्हींना -डब्ल्यूअनडेफ हा फ्लॅग दिला की अशा ठिकाणी वॉर्निंग येते. तो कायमचाच चालू ठेवा. दुसरी: हेडरमधला आकडा बदलला, मेक (बिल्ड करणारं साधन) चालवलं, पण प्रोग्रॅम जुन्याच आकड्यावर चालतो. मेकफाइलला ही हेडर कोणकोणत्या फाइल वापरतात हे माहीत नसल्यामुळे त्या पुन्हा कंपाइल झालेल्या नसतात. काही ऑब्जेक्ट फाइलमध्ये बफर ५१२ बाइटचा आणि काहींत १०२४ चा, असा प्रोग्रॅम लिंक होतो आणि मग भलत्याच जागी कोसळतो. -एमएमडी फ्लॅगनं तयार होणाऱ्या डिपेंडन्सी फाइल मेकफाइलमध्ये इन्क्लूड केल्या की ही भानगड मिटते.

## एक स्ट्रक्ट, आणि त्यातच सगळं

दुसऱ्या गटातली प्रत्येक सेटिंग एकाच स्ट्रक्टची फील्ड करा. चार सुट्या ग्लोबल व्हेरिएबलपेक्षा एक स्ट्रक्ट बरं, कारण ते कॉपी करता येतं, फंक्शनला देता येतं आणि चाचणीत दोन वेगवेगळी शेजारी शेजारी उभी करता येतात.

फील्डचे प्रकार साधे ठेवा: पोर्टला इंट, टाइमआउटला इंट, डीबगला बूल, लॉगफाइलला ठरावीक लांबीचा कॅरेक्टर ॲरे, समजा २५६ बाइटचा. पाथसाठी कॅरेक्टर पॉइंटर ठेवावासा वाटतो, पण मग एक प्रश्न मानगुटीवर बसतो: ही मेमरी फ्री करायची की नाही? डीफॉल्ट मूल्य स्ट्रिंग लिटरल असतं, ते फ्री करता येत नाही; फाइलमधून आलेलं मूल्य स्ट्रडपनं नवी प्रत करून घेतलेलं असतं, ते फ्री करावंच लागतं. एकाच फील्डमध्ये दोन्ही येऊ शकतात. ॲरेत थोडी मेमरी वाया जाते, जाऊ द्या.

सगळी डीफॉल्ट मूल्यं एकाच जागी, फील्डचं नाव घेऊन केलेल्या इनिशियलायझरमध्ये लिहा. ही सोय सी९९ पासून आहे. ज्या फील्डचा उल्लेख राहील ती शून्य होते. म्हणून शून्य हे ज्या सेटिंगसाठी चालणारं मूल्य नाही तिथे डीफॉल्ट विसरलात तर पुढची तपासणी ते पकडेल अशी व्यवस्था करा.

हे स्ट्रक्ट हेडरमध्ये जाहीर करा, पण व्हेरिएबल तिथे निर्माण करू नका. सी++ मधून आलेल्यांना सवय असते की कॉन्स्ट लिहिलं की हेडरमध्ये ठेवलं तरी चालतं. सी मध्ये कॉन्स्ट ग्लोबलही बाहेर दिसतं, त्यामुळे दोन फाइलमध्ये हेडर घेतली की लिंकर एकच नाव दोनदा सापडल्याची तक्रार करतो. हेडरमध्ये एक्स्टर्न, प्रत्यक्ष व्याख्या एकाच सी फाइलमध्ये. त्याहून चांगलं म्हणजे मेनमध्ये स्ट्रक्ट तयार करून बाकी फंक्शनना त्याचा कॉन्स्ट पॉइंटर द्यायचा. मग सेटिंग मध्येच कुणी बदलायला गेलं तर कंपायलरच हरकत घेतो.

## फाइलचा साचा

स्ट्रक्ट तयार आहे, मग ते एफराइटनं जसंच्या तसं फाइलमध्ये ओतलं तर? दोन ओळींत काम होतं, आणि पहिल्या दिवशी चालतंही. पुढे मात्र हे गळ्याशी येतं. कंपायलर फील्डच्या मध्ये रिकामे बाइट घालतो: एक कॅरेक्टर आणि एक इंट असलेलं स्ट्रक्ट सहसा ५ नव्हे, ८ बाइटचं असतं. ६४ बिट लिनक्सवर लाँग ८ बाइटचा, ६४ बिट विंडोजवर ४ चा. स्ट्रक्टमध्ये मध्येच एक फील्ड वाढवलीत की जुन्या फाइलमधले सगळे पुढचे आकडे एकेक घर सरकतात. पॉइंटर असेल तर फाइलमध्ये त्याचा पत्ता जातो, मजकूर नाही. शिवाय ही फाइल एडिटरमध्ये उघडून बदलता येत नाही, म्हणजे मूळ हेतूच बाजूला पडला.

मजकुराची फाइल घ्या, एका ओळीला एक सेटिंग (खऱ्या फाइलमध्ये नावं रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी अंकांत):

# सर्व्हरच्या सेटिंग्ज
पोर्ट = ८०८०
टाइमआउट_सेकंद = ३०
लॉगफाइल = /व्हार/लॉग/सर्व्हर.लॉग
डीबग = नाही

टाइमआउटच्या नावातच एकक आलं आहे ते बघा. नुसतं "टाइमआउट = ३०" लिहिलं की वाचणारा सेकंद समजतो की मिलिसेकंद, याचा भरवसा नाही.

## ओळ वाचणं

फाइल एफओपननं उघडा. उघडली नाही तर एर्नो (शेवटच्या चुकीचा क्रमांक ठेवणारं व्हेरिएबल) बघा, कारण इथे दोन प्रकार आहेत. नेहमीच्या जागी फाइल नसणं ही चूक नाही. डीफॉल्ट घेऊन पुढे जा. फाइल आहे पण वाचायची परवानगी नाही, किंवा वापरणाऱ्यानं कमांड लाइनवर स्वतः नाव दिलं आणि ती सापडत नाही, तर थांबा आणि सांगा. अशा वेळी डीफॉल्टवर चालू राहणारा प्रोग्रॅम माणसाला तासन् तास चकवतो.

मग एफगेट्सनं एकेक ओळ घ्या, १०२४ बाइटच्या बफरमध्ये. एफगेट्स ओळीच्या शेवटचं न्यूलाइन बफरमध्येच ठेवतं. ओळ बफरपेक्षा लांब असेल तर ते तुकडा देऊन मोकळं होतं, आणि उरलेला तुकडा पुढच्या वेळी नवी ओळ असल्यासारखा येतो. तेव्हा बफरमध्ये न्यूलाइन सापडलं नाही तर गेटसीनं पुढचं एक अक्षर वाचून बघा. फाइल संपली असेल तर ही न्यूलाइन नसलेली शेवटची ओळ आहे, चालेल. दुसरं काही आलं तर ओळ फार लांब आहे, एरर द्या.

यानंतर क्रमानं:

पहिल्या ओळीच्या सुरुवातीला यूटीएफ-८ चा बीओएम (एन्कोडिंग ओळखायची खूण), म्हणजे २३९, १८७, १९१ हे तीन बाइट असतील तर ओलांडा. विंडोजवरचे काही एडिटर ते घालतात. ते तसेच राहिले तर पहिली सेटिंग "अनोळखी" ठरते, आणि स्क्रीनवर बघाल तर नाव अगदी बरोबर दिसतं.

दोन्ही टोकांची मोकळी जागा काढा. विंडोजवर लिहिलेल्या फाइलमध्ये न्यूलाइनआधी एक कॅरेज रिटर्न असतो. आयस्पेस त्यालाही मोकळी जागा मानतं, म्हणून तो इथेच निघून जातो. तो राहिला तर लॉगफाइलच्या नावाच्या शेवटी न दिसणारं एक अक्षर चिकटतं आणि तशा नावाची फाइल तयार होते. आयस्पेसला अक्षर देताना ते अनसाइन्ड कॅरेक्टरमध्ये कास्ट करायला विसरू नका. देवनागरी मजकुराचा प्रत्येक बाइट १२७ च्या वरचा असतो. जिथे साधा कॅरेक्टर साइन्ड आहे तिथे तो ऋण होतो, आणि आयस्पेसला ऋण आकडा देणं हे अनडिफाइन्ड बिहेवियर आहे, म्हणजे काय होईल याची हमी नाही. इंग्रजी मजकुरावर चाचण्या केल्या तर ही चूक कधीच वर येत नाही.

उरलेली ओळ रिकामी असेल किंवा # नं सुरू होत असेल तर सोडून द्या. ओळीच्या मधल्या # ला टिप्पणी समजू नका. रंगांची मूल्यं # नं सुरू होतात आणि पाथमध्येही # असू शकतो.

स्ट्रसीएचआरनं पहिलं = शोधा. नसेल तर एरर. असेल तर त्याच्या अलीकडचं नाव, पलीकडचं सगळं मूल्य, दोन्ही पुन्हा टोकं छाटून. इथे स्ट्रटॉक वापरण्याचा मोह होतो. पण ते लागोपाठचे = एकच समजतं, मूल्य रिकामं असलं तरी कळू देत नाही, आणि आपली स्थिती आत लपवून ठेवतं.

प्रत्येक एररमध्ये फाइलचं नाव, कोलन, ओळ क्रमांक, कोलन आणि मग तक्रार, असा मजकूर छापा. बरेच एडिटर हा नमुना ओळखून थेट त्या ओळीवर नेतात.

## अक्षरांचा आकडा करताना

सगळ्यात जास्त पडझड इथेच होते, आणि त्याचं मूळ एटीओआय या फंक्शनमध्ये असतं. "८०अबक" दिलं तर ते ८० देतं. "अबक" दिलं तर शून्य. मूल्य इंटमध्ये मावत नसेल तर काय होईल हे स्टँडर्ड सांगतच नाही.

एक नमुना बघा. कुणी मराठी कीबोर्डवरून पोर्टपुढे देवनागरीत ८०८० टाइप केलं. या लेखात अंक देवनागरीत छापले आहेत, पण नेहमीच्या सी लोकॅलमध्ये (लोकॅल म्हणजे भाषा-प्रदेशाप्रमाणे लेखनाचे नियम) सी लायब्ररीला फक्त इंग्रजी अंक (0 ते 9) कळतात. एटीओआय शून्य परत देतं. सॉकेटला पोर्ट जोडून देणाऱ्या बाइंडला पोर्ट शून्य दिला की ऑपरेटिंग सिस्टिम स्वतःच एखादा मोकळा पोर्ट निवडते. म्हणजे सर्व्हर बिनबोभाट सुरू होतो, लॉगमध्ये एकही एरर नाही, आणि जोडायला जाल तर दार बंद. दर वेळी सुरू केल्यावर पोर्ट वेगळा.

म्हणून स्ट्रटॉल वापरा आणि चार तपासण्या करा:

१. हाक मारण्याआधी एर्नो शून्य करा. स्ट्रटॉल ते स्वतः पुसत नाही.
२. शेवट दाखवणारा पॉइंटर सुरुवातीलाच राहिला असेल तर एकही अंक सापडला नाही. वरचा नमुना इथे पकडला जातो.
३. तो पॉइंटर स्ट्रिंगच्या अखेरच्या शून्य बाइटवर नसेल तर आकड्यामागे कचरा आहे.
४. एर्नोमध्ये ईरेंज आलं असेल तर आकडा लाँगमध्ये मावत नाही.

यानंतर आपली मर्यादा: पोर्ट १ ते ६५५३५. ही तुलना लाँगवरच करा, लहान प्रकारात टाकल्यावर नाही. ७०००० हा आकडा १६ बिटांच्या अनसाइन्ड फील्डमध्ये टाकला की ४४६४ होतो, आणि तो मर्यादेत अगदी चपखल बसतो.

पाया स्पष्टपणे १० द्या. पाया ० दिला की स्ट्रटॉल सुरुवातीच्या शून्यावरून आकडा अष्टमान धरतं. कुणी नीटनेटकेपणासाठी ०१० लिहिलं तर त्याचे ८ होतात. ऋण आकडे नकोत म्हणून स्ट्रटोयूएल घेणं हाही सापळाच. ते उणे चिन्ह मुकाट्यानं स्वीकारतं आणि -१ चा प्रचंड मोठा धन आकडा करून देतं.

अपूर्णांक शक्यतो टाळा. स्ट्रटोडी लोकॅल पाळतं. प्रोग्रॅमनं सेटलोकॅल केलं असेल आणि यंत्रणा जर्मनसारख्या स्वल्पविरामवाल्या लोकॅलवर असेल तर २.५ मधलं २ घेऊन ते टिंबावर थांबतं. २५०० मिलिसेकंद लिहायला सांगितलं की प्रश्नच उरत नाही.

हो-नाही मूल्यांसाठी स्वीकारायच्या शब्दांची छोटी यादी करा आणि यादीबाहेरच्या शब्दाला एरर द्या. "जे 'हो' नाही ते 'नाही'" असा नियम ठेवलात तर "होय" लिहिणाऱ्याचं डीबग बंदच राहतं.

मजकूर कॉपी करायला स्ट्रएनसीपीवाय नको. स्रोत पुरेसा लांब असेल तर ते शेवटी शून्य बाइट ठेवत नाही. एसएनप्रिंटएफ वापरा, ते जागा असती तर किती बाइट लिहिले असते हे परत देतं. तो आकडा ॲरेच्या आकाराइतका किंवा मोठा असेल तर मजकूर कापला गेला, म्हणजे एरर. कापलेला पाथ चालवून घेऊ नका, तो भलत्याच फोल्डरकडे बोट दाखवू शकतो. मराठी मजकूर येणार असेल तर आकार बाइटमध्ये मोजा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, काना-मात्रा आणि हलन्त वेगळे धरून. "स्वागत" या शब्दाचे १८ बाइट होतात. ३२ बाइटच्या ॲरेत अशी १० चिन्हं मावतात, जास्त नाही.

सेटिंगची नावं मात्र खऱ्या फाइलमध्ये रोमन लिपीतच ठेवलेली बरी. "तऱ्हा" मधला ऱ एकच अक्षर म्हणून टाइप होतो, तसाच र आणि खाली नुक्ता अशा दोन चिन्हांनीही होतो. डोळ्यांना दोन्ही सारखे दिसतात. स्ट्रसीएमपी बाइट बघतं, ते दोन्ही वेगळे मानतं.

## तक्ता करा, इफ-एल्सची शिडी नको

चार सेटिंग्जना चार इफ चालतात. चाळीस झाल्या की प्रत्येक इफमधली तपासणी थोडी वेगळी निघते. त्यापेक्षा एक स्टॅटिक तक्ता करा. प्रत्येक रांगेत नाव, प्रकार, स्ट्रक्टमध्ये ती फील्ड कितव्या बाइटवर आहे, तिचा आकार, किमान आणि कमाल. बाइटचं स्थान ऑफसेटऑफ हा मॅक्रो देतो, तो एसटीडीडेफ हेडरमध्ये आहे.

मग एकच फंक्शन लिहा: नाव आणि मूल्याची स्ट्रिंग घ्या, तक्त्यात रांग शोधा, प्रकाराप्रमाणे वाचा, मर्यादा तपासा, फील्डमध्ये लिहा. नव्या सेटिंगसाठी स्ट्रक्टमध्ये एक ओळ, डीफॉल्टमध्ये एक, तक्त्यात एक. मदतीचा मजकूर आणि "सध्याच्या सेटिंग्ज दाखवा" ही सोयसुद्धा याच तक्त्यावरून निघते.

धोका एकच, पण मोठा आहे. तक्त्यात प्रकार इंट आणि स्ट्रक्टमध्ये फील्ड बूल अशी गफलत झाली तर ४ बाइट लिहिले जातात आणि शेजारच्या फील्ड पुसल्या जातात. कंपायलरला यातलं काही दिसत नाही. सी११ पासून स्टॅटिक ॲसर्ट आहे. प्रत्येक रांगेसाठी फील्डचा आकार अपेक्षित प्रकाराइतका आहे का, हे त्यानं कंपाइल होतानाच तपासा.

अनोळखी नाव आलं तर? एरर द्यावी, असं आमचं मत. नुसती वॉर्निंग कुणी वाचत नाही, आणि "टाईमआउट" असं दीर्घ ई घालून लिहिणाऱ्याला आपली सेटिंग लागूच झालेली नाही हे कळत नाही. तेच नाव दोनदा आलं तरी एरर.

## कोणाचं ऐकायचं: फाइल, एन्व्हायर्नमेंट की कमांड लाइन

रूढ क्रम असा: आधी डीफॉल्ट, त्यावर यंत्रणेची फाइल, त्यावर वापरणाऱ्याची फाइल, त्यावर एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, आणि सगळ्यांवर कमांड लाइन. नंतरचा आधीच्यावर मात करतो. दोनदा आलेल्या नावाची एरर एका फाइलपुरतीच, हे इथे ध्यानात ठेवा. तिन्ही प्रकारचे स्रोत तक्त्याच्या त्याच एका फंक्शनमधून जाऊ द्या, म्हणजे तपासणीही एकच राहते.

एक अडचण येते. कमांड लाइन सगळ्यात शेवटी लागू करायची, पण कुठली फाइल वाचायची हे तिथेच सांगितलेलं असतं. तेव्हा कमांड लाइन आधी वाचा, मिळालेल्या जोड्या एका ॲरेत बाजूला ठेवा, फाइल वाचा, आणि मग त्या जोड्या लागू करा.

वापरणाऱ्याची फाइल शोधताना लिनक्सवर एक्सडीजी कॉन्फिग होम हे व्हेरिएबल बघा; नसेल, रिकामं असेल किंवा सापेक्ष पाथ असेल तर होम फोल्डरमधलं टिंब-कॉन्फिग हे फोल्डर घ्या. विंडोजवर ॲपडेटा. गेटएन्व्ह नल देऊ शकतं, होमसाठीसुद्धा; सर्व्हिस म्हणून चालणाऱ्या प्रोग्रॅमला होम नसणं नवलाचं नाही.

## प्रोग्रॅमनं फाइल लिहायची असेल तर

वापरणाऱ्यानं हातानं लिहिलेली फाइल प्रोग्रॅमनं पुन्हा लिहू नये. त्याच्या टिप्पण्या, रिकाम्या ओळी, लावलेला क्रम, सगळं जातं. म्हणूनच तिसऱ्या गटाला वेगळी फाइल द्यायची.

ती लिहितानाही मूळ फाइल थेट उघडू नका. लिहिण्यासाठी एफओपन केलं की जुना मजकूर त्याच क्षणी पुसला जातो. तेवढ्यात वीज गेली तर हातात रिकामी फाइल. त्याऐवजी:

त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल तयार करा. दुसऱ्या फाइलसिस्टिमवर असेल तर शेवटचं रीनेम चालत नाही. सगळ्या ओळी लिहा. मूल्यात न्यूलाइन असेल तर नकार द्या, नाहीतर वाचताना ती वेगळी सेटिंग ठरेल. मग एफफ्लश (बफर रिकामा करायला), त्यानंतर एफसिंक (मजकूर डिस्कवर पोचवायला), मग एफक्लोज, आणि प्रत्येकाचं परत आलेलं मूल्य बघा. डिस्क भरलेली असली तरी एफप्रिंटएफ अनेकदा यशच कळवतं, कारण मजकूर अजून बफरमध्ये असतो. खरी बातमी एफफ्लशला लागते. सगळं सुखरूप असेल तरच रीनेम. पॉझिक्स, म्हणजे लिनक्ससारख्या, यंत्रणांवर रीनेम जुनी फाइल एका फटक्यात बदलतं: वाचणाऱ्याला पूर्ण जुनी दिसते किंवा पूर्ण नवी. विंडोजवर सी लायब्ररीचं रीनेम, त्या नावाची फाइल आधीच असेल तर, अडतं. तिथे मूव्हफाइलईएक्स बदलीच्या फ्लॅगसह वापरा.

मूळ नाव सिम्बॉलिक लिंक (दुसऱ्या फाइलकडे नेणारं नाव) असेल तर रीनेम लिंकच्या जागी साधी फाइल ठेवून देतं. आधी रिअलपाथनं खरं ठिकाण शोधा.

पासवर्ड आणि टोकन यांना कोडमध्ये जागा नाही: कंपाइल झालेल्या प्रोग्रॅमवर स्ट्रिंग्ज हे साधं साधन चालवलं की ते दिसतात. कमांड लाइनवरही नको, पीएस कमांडमध्ये ते इतरांना वाचता येतात. वेगळी फाइल, ०६०० परवानगीची, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येणारी. ती एफओपननं तयार करून नंतर परवानगी बदलू नका. मधल्या काळात ती बहुधा सगळ्यांना वाचता येते. ओपनला परवानगी देऊनच तयार करा आणि एफडीओपननं पुढे वापरा.

## चालू असताना पुन्हा वाचणं

सर्व्हरला सिगहप हा सिग्नल पाठवला की फाइल पुन्हा वाचावी, अशी जुनी पद्धत आहे. सिग्नल हँडलरमध्ये फाइल उघडायची नाही. एफओपन, मॅलॉक, प्रिंटएफ तिथे सुरक्षित नाहीत. व्होलाटाइल सिग ॲटॉमिक टी प्रकारचा एक फ्लॅग लावा आणि मुख्य लूपमध्ये तो बघा. नव्या सेटिंग्ज नव्या स्ट्रक्टमध्ये वाचा, पूर्ण तपासा, आणि निर्दोष असतील तरच जुन्यांच्या जागी ठेवा. एक ओळ चुकली तर सगळी जुनी मूल्यं कायम. पोर्टसारखी सेटिंग अशी बदलत नाही, सॉकेट आधीच उघडलेलं असतं; तसं लॉगमध्ये सांगून टाका.

## मायक्रोकंट्रोलरवर

तिथे फाइल नसते, त्यामुळे स्ट्रक्ट थेट ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणाऱ्या मेमरीत) लिहिणं क्षम्य आहे, पण पुढे चार गोष्टी जोडून: एक ठरावीक ओळखीचा आकडा, आवृत्ती क्रमांक, लांबी आणि सीआरसी (बाइट बिघडलेत का हे ओळखायची बेरीज). कोऱ्या मेमरीतले बाइट सहसा सगळे २५५ असतात. ओळखीचा आकडा जुळला नाही की डीफॉल्ट घ्या. दोन प्रती आलटून पालटून लिहा, म्हणजे लिहिताना वीज गेली तरी एक शाबूत राहते. एटीमेगा३२८पी च्या ईईप्रॉमला १ लाख लेखनांची हमी आहे. दर मिनिटाला त्याच जागी लिहिलंत तर हा कोटा ७० दिवसांच्या आत संपतो. मूल्य बदललं असेल तरच लिहा.

## तयार लायब्ररी की स्वतःचं

विभाग, याद्या, एकात एक रचना लागणार असेल तर स्वतःचा पार्सर लिहीत बसू नका. आयएनआयएच ही लायब्ररी एका सी फाइलची आहे आणि विभाग सांभाळते. तिची ओळीची मर्यादा मुळात २०० बाइट आहे, आणि आपण दिलेल्या फंक्शननं यश कळवायला शून्येतर मूल्य परत द्यायचं असतं, सी च्या नेहमीच्या सवयीच्या उलट. जेसन घेणार असाल तर त्यात टिप्पणी लिहिता येत नाही हे लक्षात घ्या. हातानं बदलायच्या फाइलला ही मोठी उणीव आहे. सीजेसन प्रत्येक आकडा डबलमध्ये ठेवते, म्हणून ५३ बिटांपलीकडचे पूर्णांक जसेच्या तसे परत येतीलच असं नाही. कुठलीही लायब्ररी घेतलीत तरी मर्यादांची तपासणी आणि तक्ता तुमचाच.

## चाचणीसाठी ठेवायच्या फाइल

एक फोल्डर करा आणि त्यात या फाइल टाका: शून्य बाइटची; फक्त टिप्पण्यांची; शेवटी न्यूलाइन नसलेली; विंडोजच्या ओळींची; बीओएमवाली; पाच हजार अक्षरांची एक ओळ; = नसलेली ओळ; = नंतर काहीच नसलेली; पोर्टपुढे ०, ६५५३५, ६५५३६, -१, "८०अबक" आणि देवनागरी आकडे; लॉगफाइलपुढे बरोबर २५५ आणि २५६ बाइटचं नाव; एकच नाव दोनदा. प्रत्येकीपुढे अपेक्षित निकाल लिहून ठेवा, आणि प्रोग्रॅम -एफसॅनिटाइझ=ॲड्रेस,अनडिफाइन्ड फ्लॅगनं बिल्ड करून सगळ्या फाइल एकामागून एक चालवा. २५५ बाइटचं नाव स्वीकारलं गेलं पाहिजे, २५६ चं नाकारलं गेलं पाहिजे. २५६ चंही स्वीकारलं गेलं तर एसएनप्रिंटएफच्या तुलनेत > आणि >= ची अदलाबदल झाली आहे.